व्यंकटेशच्या नावावरची पाठ

मी आजवर पुष्कळ व्रतं केली. हरतालिका झाली, मार्गशीर्षातले गुरुवार झाले, एका चातुर्मासात तर मीठ सोडलं होतं. पण एक व्रत असं धरलं, की माझा संकल्प ऐकून देवळातल्या गुरवाचा हात घंटेवरच थांबला. मी सोळा सोमवार धरले होते, माझ्या नवऱ्याचं दुखणं त्यांच्या नावावर यावं म्हणून!

गुरव म्हणाला, "वैनी, उलटं बोललात की. दुखणं जावं म्हणा, जावं."

"नाही हो. यावंच," मी म्हणाले.

त्यानं मला बेल दिला, पण जरा लांबूनच दिला.

आता हे सांगायचं तर मागचं सगळं सांगायला हवं. आमचं घर एका मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत. आमचे हे, मल्लिनाथ, तिथं वॉर्डबॉय. नऊ वर्षं झाली, पण टेम्पररीच! पाळी सुटली की चार-पाच जण चहाला आमच्याकडं यायचे आणि आधण उकळेपर्यंत आज कुणाला काय लागलं ते सांगायचे. कुणाचा अंगठा स्ट्रेचरमध्ये सापडलेला, कुणाला शुद्धीवर येणाऱ्या पेशंटनं चावलेलं. सांगायचे आणि खो खो हसायचे! सुरुवातीला मला रागच यायचा. मग कळलं, आज हसले नाहीत तर उद्या सकाळी त्याच स्ट्रेचरला पुन्हा हात लावणं जड जाईल त्यांना. असे किस्से माझ्या ओट्यावर इतके साठले, की तिखट-मिठाच्या डब्यांना जागा उरली नाही म्हणा ना!

त्यातले थोडे सांगते.

*

भीमामावशी आमच्या गल्लीतल्याच. वॉर्डात आया. मूळच्या नातेपुत्याच्या. तोंडानं फटकळ, मनानं लोणी.

एकदा कचऱ्याची पिशवी बांधताना त्यांच्या तळहातात सुई घुसली. वापरलेल्या सुया वेगळ्या डब्यात टाकायच्या असतात, पण घाईत कुणीतरी पिशवीतच टाकलेली. असं काही झालं की अपघाताच्या वहीत लिहायचं असतं. नोंद असेल तर तपासणी, इंजेक्शनं, आणि पुढं काही भलतं झालं तर भरपाई. नोंद नसेल तर टोचलंच नाही!

वही मेट्रनबाईंच्या कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली मेट्रनबाईंच्या पर्समध्ये, आणि मेट्रनबाई भाच्याच्या लग्नाला अक्कलकोटला!

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा गेल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, "काल टोचलेलं आज कसं लिहू? मागची तारीख घालायला बंदी आहे."

मावशी म्हणाल्या, "मग आज परत टोचून घिऊ का?"

आमच्याकडं चहा पिताना यावर सगळे हसून हसून लोळले. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. एका भल्या डॉक्टरांनी नोंदीशिवायच औषधं दिली, पण शेवटची तपासणी काही महिन्यांनी होणार होती. तेवढे महिने मावशींनी आपली ताट-वाटी वेगळी केली. नातू मांडीवर यायला लागला की उठून जायच्या. असं काही ताटावाटीतून पसरत नाही, हे डॉक्टरांनी दहादा सांगितलं. पण भीतीला कोण शिकवणार? माझ्याकडं चहाला यायच्या त्यासुद्धा स्वतःचा पेला घेऊन.

रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी रिकाम्या हातानं आल्या. म्हणाल्या, "वैनी, तुमच्या कपातनं द्या. आन् निम्मा तुमी प्या."

मी निम्मा प्याले. माझा निर्जळी उपास होता त्या दिवशी. देवानं काही मनाला लावून घेतलं नसावं.

*

गफूरभाई ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर. गावाकडून पेशंट आणताना पेशंट वाटेतच गेला. हॉस्पिटलच्या गेटमधून गाडी आत आली आणि नातेवाइकांनी गफूरभाईंनाच धरलं, गाडी हळू चालवली म्हणून! उजवं मनगट मोडलं.

हॉस्पिटल म्हणालं, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, भरपाई त्यानं द्यावी. कंत्राटदार म्हणाला, मार हॉस्पिटलच्या गेटच्या आत खाल्ला, म्हणजे माणूस हॉस्पिटलचा. दीड महिना हे गृहस्थ गळ्यात हात अडकवून दोन ऑफिसांच्या मध्ये फिरत होते. शेवटी एक दिवस त्यांनी प्लास्टरचा हात उचलून मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला.

"साब, मैं किसका बी रहूँ, जाने दो. हात मेरा टूट्या, इत्ता तो मानते ना?"

साहेबांनी हाताकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "तोंडी मानतो."

*

आता आमच्या घराकडं वळते.

हॉस्पिटलमध्ये पाळी बदलून हवी असेल तर तीन दिवस आधी अर्ज, अर्जावर तिघांच्या सह्या. अडचण काय तीन दिवस आधी सांगून येते? म्हणून या लोकांनी आपली एक पद्धत पाडली होती. तिला ते 'नावाला नाव' म्हणायचे. तुझ्या पाळीला मी येतो आणि मस्टरमध्ये तुझी सही मारतो. माझ्या पाळीला तू ये आणि माझी सही मार. मस्टर स्वच्छ! कुणाच्या घरी बारसं असायचं, कुणाची आई आजारी असायची. यात काही पाप आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. मलाही नाही.

व्यंकटेश हा ह्यांचा जोडीदार. स्ट्रेचरच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला तो. घर शहराच्या पूर्व भागात, आई-वडील मागावर कापड विणणारे, घरात तेलुगू बोलणं. ह्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. काम ह्यांनीच शिकवलं त्याला. "पाठीत वाकायचं न्हाय, गुडघ्यात वाकायचं. वजन छातीशी धरायचं. आन् ठेवताना आवाज न्हाय झाला पायजे, पेशंट दचकतो." आमच्या दारातल्या पाण्याच्या पिंपावर त्याची प्रॅक्टिस घेतली होती ह्यांनी. बरोबर जमलं त्या दिवशी मी शिरा केला होता.

तर तेव्हा मी सोळा सोमवार केले होते, हे कायम व्हावेत म्हणून. सतराव्या सोमवारी उद्यापन. दुपारी बाराला जोडीनं पूजेला बसायचं, चुरम्याचा नैवेद्य दाखवायचा. आणि नेमकी त्या दिवशी ह्यांची सकाळची पाळी, व्यंकटेशची दुपारची!

"एवढा एक दिवस," मी म्हणाले. हात जोडले मी. मीच म्हणाले होते, हे लक्षात ठेवा.

झालं, नावाला नाव. सकाळी व्यंकटेशनं 'मल्लिनाथ' म्हणून सही केली. दुपारी हे चुरमा खाऊन, कपाळाला विभूती लावून, 'व्यंकटेश' म्हणून कामावर गेले.

*

चार वाजायचा सुमार. लिफ्ट बंद होती. ऑपरेशन झालेले एक वजनदार आजोबा, माढ्याकडचे, रॅम्पवरून खाली न्यायचे होते. स्ट्रेचरचा ब्रेक निसटला. उताराच्या बाजूला हे होते. सोडून बाजूला झाले असते तर ह्यांना काहीच झालं नसतं. आजोबा मात्र थेट भिंतीवर आदळले असते.

ह्यांनी सोडलं नाही. पाठ भिंतीला लागली आणि स्ट्रेचर, आजोबा, ऑक्सिजनचा सिलिंडर, सगळं अंगावर आलं. "कट् असा आवाज झाला, पन तो फक्त मलाच ऐकू आला," असं हे सांगतात. आजोबांच्या हातातली सलाइनची सुईसुद्धा हलली नाही म्हणे!

शिंदे सिस्टर धावत आल्या. त्या आदल्याच आठवड्यात दुसऱ्या इमारतीतून बदलून आलेल्या, कुणाचे चेहरे ओळखीचे नव्हते. पण नोंदीच्या पक्क्या. भीमामावशींचं ऐकल्यापासून अपघाताची वही स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतली होती त्यांनी. वही उघडली, पेन काढलं.

"नाव?"

हे कळवळत होते. तोंड उघडणार इतक्यात मस्टर आठवलं. मस्टरमध्ये त्या दुपारी मल्लिनाथ नव्हताच. खरं सांगावं तर दोघांच्या नोकऱ्या जाणार.

"व्यंकटेश," हे म्हणाले.

नोंद झाली, वेळेसकट, साक्षीसकट. एक्स-रे निघाला, त्याच्या कोपऱ्यात नाव व्यंकटेश. मणका दबलाय, वजन उचलायचं नाही, असा डॉक्टरांचा कागद मिळाला, तोही व्यंकटेशच्या नावाचा. एवढी चोख नोंद त्या हॉस्पिटलमध्ये कुणाचीच झाली नव्हती! फक्त पाठ दुसऱ्याची होती.

दिवेलागणीला रिक्षातून घरी आले. नैवेद्याचं ताट मी झाकून ठेवलं होतं. "देवाला दावलेलं हाय, वाया नको घालवू," म्हणाले, आणि उभ्या उभ्याच चार घास खाल्ले. बसता येत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशीपासूनचं ऐका. व्यंकटेशला लाइट ड्युटी लागली! टोकनच्या खिडकीत बसायचं काम, पाठीला उशी. आणि वॉर्डातला एक माणूस कमी झाला, म्हणून तिथली सगळी उचलाउचल कुणावर? मल्लिनाथवर!

टेम्पररी माणूस. घरी बसला की जागा गेली. हे माझी जुनी सुती साडी कमरेला घट्ट गुंडाळायचे, वरून युनिफॉर्म चढवायचे आणि निघायचे. गाठ मीच मारून द्यायची. मारताना रोज 'शिवाय नमः' म्हणायची मी, दुसरं काय करणार?

व्यंकटेश खिडकीतून बघायचा. राहवलं नाही की टोकनं टाकून धावायचा आणि स्ट्रेचरचं दुसरं टोक धरायचा. एकदा मॅनेजरसाहेबांनी पाहिलं. कॉरिडॉरभर आवाज घुमला त्यांचा. "अरे व्यंकटेश, पाठ सांभाळ! उद्या तुला काही झालं तर जबाबदार कोण? सोड ते, सोड! ए मल्लिनाथ, बघतोस काय, तू उचल!"

ह्यांनी उचललं.

त्या दिवशी चहाला दोघं आले. किस्सा व्यंकटेशनंच सांगितला, साहेबांचा आवाज हुबेहूब काढून. भीमामावशी हसल्या, गफूरभाई हसले, भिंतीला टेकून उभे असलेले हेसुद्धा हसले. सांगता सांगता व्यंकटेशनं बशी खाली ठेवली आणि ह्यांच्या पायाशी बसून रडायला लागला.

हे म्हणाले, "उठ येड्या, असं वाकून बसू नको. पाठ दुखंल तुझी!"

*

अठराव्या दिवशी चादरींची ट्रॉली ढकलताना हे खाली बसले, ते उठलेच नाहीत. डावा पाय अंगाला आहे की नाही ते कळेना. आता लपवायचं तरी काय? ह्यांनी मॅनेजरसाहेबांना खरं सांगितलं. मीही शेजारी उभी होते.

साहेबांनी मस्टर उघडलं. "त्या सोमवारी तुमची पाळी सकाळची. दोनला सुटलात. चारला लागलं ते व्यंकटेशला. तुम्ही तेव्हा घरी होता. आणि घरी काय होतं? उद्यापन! अख्ख्या स्टाफनं चुरमा खाल्लाय तुमच्याकडचा. मोठी मोठी पातेली उचलताना भरली असेल पाठ."

"पातेली मी उचलली होती साहेब," मी म्हणाले. "माझी पाठ बघा की!"

साहेबांनी व्यंकटेशला बोलावून घेतलं. मस्टर त्याच्या पुढ्यात सरकवलं. "त्या दुपारी कामावर कोण होतं? नीट आठवून सांग. ही सही खोटी असेल तर दोघंही आजच घरी जाल."

व्यंकटेशनं ह्यांच्याकडं पाहिलं नाही. मस्टरकडंच बघत म्हणाला, "मीच होतो."

ह्यांना सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका.

रिक्षात मी रडत होते. हे मागच्या सीटवर आडवे, डोकं माझ्या मांडीवर. म्हणाले, "बरोबर केलं त्यानं. दोन पोरी हायत त्याला. मी त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो."

नसते बोलले. एकवीस वर्षं संसार केलाय मी, मला ठाऊक आहे.

*

वकीलबाई चांगल्या मिळाल्या. तरुण, जरा तापट, पण पोटात माया. त्यांनी कामगार न्यायालयात भरपाईचा दावा लावला. मला समजावलं, "वहिनी, माणूस टेम्पररी असला तरी कामावर असताना लागलं की भरपाई द्यावीच लागते. ऑपरेशनचा खर्चसुद्धा निघेल. फक्त ते त्या दुपारी कामावर होते, एवढं सिद्ध करायचं."

एवढंच!

हॉस्पिटलातलं कुणी साक्षीला आलं, तर त्याचीच नोकरी जाणार. म्हणून मी माढ्याकडं त्या आजोबांचं घर शोधत गेले. मुलगा अंगणातच भेटला. म्हणाला, "व्हय की! त्या मामांनी सोडलं न्हाय आमच्या आण्णांला. लई मोठा माणूस."

माझा जीव भांड्यात पडला. पिशवीतून ह्यांचा फोटो काढला. "हेच ना?"

"हेच."

"कोर्टात येऊन एवढंच सांगाल?"

आत आजोबा खोकत होते. तिकडं बघत तो म्हणाला, "ताई, आण्णांची पट्टी अजून तितंच हाय. दर पंधरा दिसाला. त्यांच्या इरुद्द बोललो तर पट्टी कुटं करू?"

निघताना त्यानं बळंच पिशवीभर ज्वारी दिली. एसटीत ती मांडीवर घेऊन बसले होते, ओझं वाटत होतं. पण धान्याला नाही म्हणू नये. त्याच ज्वारीच्या कडक भाकरी करून मी विकायला सुरुवात केली. अजून करते.

वकीलबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग दुसरा सोपा मार्ग आहे. व्यंकटेशचा नवा एक्स-रे काढा असा अर्ज देऊ. त्याची पाठ चांगली निघाली की संपलं!"

हे गादीवर पालथे पडलेले. तिथूनच म्हणाले, "आन् त्याची नोकरी गेली की संपलं. न्हाय बाई. त्याच्या पोरींच्या तोंडचा घास काढून मला माझी पाठ नको."

वकीलबाईंनी फाइल फटकन मिटली. "अहो, मग साक्षीला आणू कुणाला? देवाला?"

त्या रागानं बोलल्या. मी मात्र मनावर घेतलं.

*

विचार केला, पहिल्या सोळा सोमवारांचं उद्यापन आपण खोट्या सहीवर उरकलं. ते महादेवाला पोचलंच नसणार. म्हणून पुन्हा सोमवार धरले. संकल्प तुम्हाला सांगितलाच, ह्यांचं दुखणं ह्यांच्या नावावर येऊ दे. पुढं एक वाक्य मी जोडलं होतं, ते गुरवानं ऐकलं नाही. 'कुणावर जबरदस्ती न करता येऊ दे.'

या वेळी नेम थोडा वेगळा केला. संध्याकाळी पूजा झाली, कहाणी वाचून झाली, की एक वही उघडायची. गल्लीतल्या कामाला जाणाऱ्या आया, सिस्टर, सगळ्या कहाणीला येतातच. त्या आठवड्यात कुणाला काय लागलं, कुठं, किती वाजता, जवळ कोण होतं, सगळं लिहायचं. ज्याला लागलं त्याचंच नाव, आणि खाली ज्याच्या त्याच्या हातची सही. भीमामावशी अंगठा करायच्या. चौथ्या सोमवारी म्हणाल्या, "वैनी, शिकवा की मला पन. अंगठा काय, कुणाचाबी दिसतोय!" आता त्यांची 'भीमा' अर्ध्या पानावर मावत नाही.

पाचव्या सोमवारी दारात पद्मा येऊन उभी राहिली. पद्मा म्हणजे व्यंकटेशची बायको. घरी बिड्या वळते, बोटं तंबाखूनं पिवळी. आत येईना.

भीमामावशींनी तिला पाहिलं मात्र! "आलीस व्हय? बघ की, दुखणं कसं झोपलंय त्या खोलीत. उचलून न्यायचं का? कागद हायत न्हवं तुमच्याकडं!"

मी मावशींना गप्प केलं आणि पद्माला पाट दिला. तिनं खाली मान घालून कहाणी ऐकली, प्रसाद घेतला. सगळ्या गेल्या तरी ती आणि मावशी मागं राहिल्या.

पद्मा म्हणाली, "अक्का, मी पण धरू सोमवार?"

"धर की. पण बोलणार काय?"

तिनं डोळे पुसले. "आमच्या घरातलं दुखणं तुमच्या घरी जाऊ दे, म्हणून."

पद्माचा रिकामा द्रोण मावशींनी आपल्या हातानं उचलून नेला.

*

आणि आता शेवटचा.

माझा सतरावा सोमवार आणि कोर्टाची तारीख एकाच दिवशी आली. पहाटे चुरमा केला, सिद्धेश्वराला नैवेद्य दाखवला आणि डबा पिशवीत घालून कोर्टात. दुसरा मजला. एका बाजूनं गफूरभाई, एका बाजूनं मी, असं ह्यांना चढवत नेलं. दर चार पायऱ्यांना थांबावं लागत होतं. वर एका बाकावर ह्यांना टेकवून बसवलं. मागच्या बाकावर पद्मा बसली होती, उपाशी.

हॉस्पिटलच्या वकिलांनी व्यंकटेशला साक्षीला आणलं होतं. नवा शर्ट, केस चापून बसवलेले. ह्यांच्याकडं बघायचं टाळत होता.

वकील उठले. "साहेब, त्या दिवशी ज्या कर्मचाऱ्याला लागलं, तो हा व्यंकटेश. नोंद याच्या नावाची, एक्स-रे याच्या नावाचा. हॉस्पिटलनं याला लगेच बसून करायचं काम दिलं. आजही याला पाच किलो वजन उचलता येत नाही. आम्ही आमच्या माणसाला जपतो साहेब!"

जजसाहेबांनी विचारलं, "मूळ मस्टर आणि अपघाताची वही आणायला सांगितली होती. कुठं आहे?"

हॉस्पिटलचा क्लार्क पुढं आला. "आणलंय साहेब, खाली रिक्षात आहे. लोखंडी पेटीत वर्षभराची रजिस्टरं आहेत. दोन माणसांशिवाय हलत नाही. हमाल बघायला पाठवलंय."

"पाच मिनिटांत वर आली पाहिजे."

क्लार्क दाराकडं धावला, पण त्याच्या आधी व्यंकटेश उठला होता. हमाल बघायला चालला असेल, असं सगळ्यांना वाटलं. दारात एकदा थांबला, मागच्या बाकाकडं पाहिलं आणि गेला.

दोन मिनिटं गेली, तीन गेली. मग जिन्यात पावलं वाजायला लागली. जड, पण एका लयीत. ह्यांनी मान वर केली. ती पावलं ह्यांच्या ओळखीची होती.

व्यंकटेश आत आला. खांद्यावर पेटी. एकट्याच्या! शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, मानेच्या शिरा तटतटलेल्या, आणि पाठ ताठ, देवळातल्या दीपमाळेसारखी.

"अरे, अरे, ठेव ती! ठेव खाली!" वकील ओरडले.

त्यानं ठेवली नाही. जजसाहेबांच्या समोर जाऊन तसाच उभा राहिला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं.

"ठेवा," जजसाहेब म्हणाले.

तो गुडघ्यात वाकला. पेटी छातीशी घेतली. खाली टेकवली. जरासुद्धा आवाज झाला नाही.

जजसाहेबांनी एक्स-रे उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, कोपऱ्यातलं नाव वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, "तुमचं नाव काय?"

"व्यंकटेश," तो म्हणाला. मग वळला आणि बाकावरच्या ह्यांच्याकडं बोट केलं. "म्हणजे आज मी आहे, साहेब. त्या सोमवारी व्यंकटेश हे होते."

जजसाहेब टाइप करणाऱ्या बाईंना म्हणाले, "लिहून घ्या."

तुमच्याही घरचं कुणी दवाखान्यात कामाला असेल, तर माझं ऐका, एक सोमवार धरा. उपास नाही जमला तरी चालेल, चुरमा नाही जमला तरी चालेल. दिवेलागणीला त्यांना समोर बसवा, वही उघडा आणि विचारा, "आज कुठं लागलं?" आणि खाली सही त्यांचीच घ्या.